पत्र्याआडची आंबुटी

व्यंकूमामा माझ्याशी शेवटचं बोलला ते एका गंजक्या पत्र्याबद्दल. शुक्रवार होता, दुपारचे अडीच वाजले असतील. गल्लीत भंगारवाला हाका मारत होता, आणि मी नेहमीप्रमाणे विचारलं, "मामा, न्हाणीमागचा तो पत्रा देऊन टाकू का?" मामाने पंचांगातून डोकं वर काढलं नाही. "असूं दे," म्हणाला, "त्याचें काम आहे." मग पंचांग मिटलं, त्यावर चष्मा ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. चार वाजता मी कॉफी घेऊन गेले तर... कॉफी माझ्या हातातच राहिली. वय एकोणऐंशी, इस्पितळ नाही, सलाईन नाही, कुणाला उठबस करायला लावली नाही. भेटायला आलेले सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस. मला मात्र राग आला होता. ऐंशीला टेकलेल्या माणसाने जाता जाता काही लक्षात ठेवण्यासारखं बोलावं की नाही? हा पत्र्यावर बोलून निघून गेला.

व्यंकूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर तंजावरच्या आमच्या घरी येऊन राहिला तो राहिलाच. मी तेव्हा सोलापुरात होते. बावीस वर्षं तिथे संसार केला, शाळेत गणित शिकवलं, आणि माझे यजमान गेल्यावर मीही बॅग भरून आईकडे परतले. सोलापुरात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला सगळे हसत. आमच्या तंजावरी मराठीत अजून 'जालें', 'केलें' चालतं, प्रत्येक शब्दाच्या शेपटीला नाकातला सूर असतो, आणि मधेच तमिळ येऊन बसतं. जावांनी हसून हसून तो सूर माझ्याकडून घासून काढला. परत आले तेव्हा मामा म्हणाला, "पद्मे, तूं आतां रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलतेस." त्यानंतर बारा वर्षं आम्ही तिघं एका घरात होतो. आई, मामा आणि मी. भांडायला विषय कधी कमी पडले नाहीत.

सगळ्यात मोठा विषय म्हणजे आंबुटी. इथे तिला पुळियारै म्हणतात. तीन पानांची, पिवळ्या इवल्या फुलांची, ओलसर सावलीत आपोआप उगवणारी आंबट भाजी. महाराष्ट्रात मुलं ती मीठ लावून चघळतात आणि मोठी माणसं गवत म्हणून उपटून टाकतात. आमच्या घरात मात्र तिला देवघराच्या खालोखाल मान. कारण असं की आमच्याकडे श्राद्धाच्या स्वयंपाकात चिंच चालत नाही, लाल मिरची नाही, हिंग नाही. मग साराला आंबटपणा आणायचा कशाने? इतर घरांत लिंबू पिळून मोकळे होतात. आमच्या आजीने आंबुटी धरली, तिच्यानंतर मामाने. पितरांच्या पानावर आंबुटीचं सार, हा आमच्या घरचा नियम. तो कुठल्याही पोथीत नाही, म्हणूनच कुणाला मोडता येत नाही.

सार मामाच करायचा. शुद्ध कथलाचा चोंबू इथे सारासाठी वापरतात, 'ईयच्चोंबू' म्हणतात त्याला. त्यात मुगाच्या डाळीचं पाणी, मिरी, जिरं. उकळी आली की विस्तव बंद, आणि मग वरून सात पाण्यांत धुतलेली, हाताने चुरडलेली पानं. आधी घातली तर रंग जातो आणि सार कडसर होतं. वरून तुपातलं जिरं. पाच मिनिटं झाकण काढायचं नाही, त्या पाच मिनिटांत बोलायचंही नाही, असं मामाचं म्हणणं होतं. बोलल्याने साराचं काय बिघडतं हे मला कधी कळलं नाही, पण ती पाच मिनिटं घरात शांतता असे हे खरं. एरवीच्या दिवशी तो तिची उडदाची डाळ आणि खोबरं घालून चटणी वाटायचा, दह्यात पचडी करायचा, वरणात टाकायचा. उरलेल्या काड्यांनी आई देवाची समई घासायची, पितळ लखलखायचं. मी एकदाच त्या साराच्या वाटेला गेले. घाईत रिकामा चोंबू गॅसवर ठेवला आणि फोन घ्यायला गेले. कथील ते, आधी पाणी नसेल तर वितळतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सोलापुरात विसरून आले होते. परत येऊन बघते तर चोंबू बसला होता आणि शेगडीवर चकाकणारं थारोळं. मामा रागावला नाही. नवा चोंबू आणला, आणि तो गोळा थंड होऊ देऊन पंचांगावर वजन म्हणून ठेवला. रोज सकाळी तो गोळा उचलून तिथी बघायचा, आणि माझ्याकडे बघायचा. याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

आंबुटी आणायची ती शनिवारी, आणि आणायची ती तिरुवैयारुहूनच. तंजावरची आंबुटी मामाला चालत नसे. पहाटे आम्ही उठायच्या आत तो मोपेड काढायचा, बारा-तेरा किलोमीटर जायचा आणि दहाच्या सुमाराला हँडलला कापडी पिशवी लटकवून परत यायचा. पिशवीत पानं ताजी, टवटवीत, दव असल्यासारखी. मग कॉफी पिता पिता व्याख्यान. कावेरीच्या कालव्याच्या डाव्या काठाला केळीची बाग आहे, तिथे सकाळी दोन तास कवडसे पडतात आणि मग दिवसभर सावली, तसल्याच जागेतली आंबुटी खरी. उन्हातली लालसर आणि चिवट होते. "ऊन लागलें कीं ती पानें मिटून घेते. मानी असते," म्हणायचा. मी एकदा म्हटलं, मलाही घेऊन चल. तर म्हणे तिथे जळवा आहेत. आई त्याला म्हणाली, "उद्यां तुज कांहीं जालें तर आम्ही काय करावें?" तेव्हा त्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढून दिला. काय नकाशा होता तो. उत्तर दिशेचा बाण, प्रमाणपट्टी, कालवा निळ्या शाईत, पूल, पूवरसाचं झाड, आणि शेवटी लाल फुली. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवला होता. डॉक्टरांचा आहाराचा तक्ता त्याच्या शेजारी होता.

तक्ता मामाचाच. त्याला साखरेचा आजार होता. आईने घरातून गूळ हद्दपार केला, कॉफीतली साखर बंद केली, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा मोजून हातावर ठेवायची. तरी दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं की आकडा वरच. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मी प्रयोगशाळा बदलली. मामा रिपोर्ट हातात घेऊन खूप गंभीर व्हायचा आणि म्हणायचा, "देहाचें गणित तुमच्या शाळेंतल्यासारखें नसतें, पद्मे."

आता तो पत्रा. न्हाणीच्या मागे, कपडे धुण्याच्या दगडाला लागून, कुंपणाच्या भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला. गंजका, भोकं पडलेला, कडा करवतीसारख्या. मी आल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता. उचलायला गेले तर मामा म्हणाला, त्याच्या मागे नाग आहे. नाग म्हटल्यावर आईने हात जोडले आणि दर शुक्रवारी पत्र्याजवळ वाटीभर दूध ठेवायला सुरुवात केली. दूध दर वेळी संपायचं. गल्लीतली मांजर त्या काळात चांगली गुबगुबीत झाली, पण दोन गोष्टी एकत्र जोडून बघायचं आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. मी गणिताची शिक्षिका, हे परत सांगायला लाज वाटते.

मामा गेला आणि दहाव्याला घर भरलं. माझ्या सगळ्यात धाकट्या मामाचा मुलगा रघू बंगळूरहून आला, त्यानेच सगळी क्रिया केली. त्याची तीन वर्षांची पोर दिवसभर परसात धावायची आणि नेमकी पत्र्याकडेच. मला धडकी भरली, एकीकडे नाग आणि एकीकडे गंजलेली धार. भंगारवाल्याला हाक मारली. मनात आलं, मामा 'असूं दे' म्हणाला होता. मग स्वतःलाच म्हटलं, पत्र्याची कुणी शेवटची इच्छा करतं का... मी दूर ओसरीत उभी राहिले, भंगारवाल्याने पत्रा ओढला, नागबिग काही निघालं नाही. खाली नुसतं हिरवं गवत दिसलं. जागा कशी मोकळी, स्वच्छ झाली. तेराव्याला आचारी आले, त्यांना तीच जागा आवडली आणि त्यांनी तिथेच मोठं चुलाणं मांडलं.

तेराव्याच्या स्वयंपाकात साराला लिंबू पिळलं. आंबुटी आणायला कुणाला सुचलं नाही, आणायचा तो माणूसच आता नव्हता. सगळे जेवले, कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई, दोन घोट घेऊन तिने वाटी सरकवली. "व्यंकूच्या पानावर लिंबू?" एवढंच म्हणाली. रडली नव्हती तोवर, तेव्हा रडली. मग हात धुऊन येऊन मला म्हणाली, "मासिकाला असें होतां कामा नये." पहिलं मासिक श्राद्ध सतरा दिवसांवर होतं. माझा पितरांवर, पिंडावर फार विश्वास आहे असं नाही. पण आईवर आहे.

पाहुणे पांगल्यावर मी फळीवरचा नकाशा काढला, मामाची मोपेड काढली आणि शनिवारी सकाळी तिरुवैयारु गाठलं. नकाशा अगदी बिनचूक होता. पूल जिथे हवा तिथे, पूवरसाचं झाड जिथे हवं तिथे, अंतरही मीटरला मीटर जुळत होतं. फक्त लाल फुलीच्या जागी केळीची बाग नव्हती. एक सिमेंटचं घर होतं, आणि त्यावरचा रंग बघता ते मामाच्या नोकरीच्या काळापासून तिथेच असावं. कालव्याच्या दोन्ही काठांनी मी साडी खोचून तासभर हिंडले. उन्हाने डोकं उठलं. शेवटी फुलीच्या बरोबर समोरच्या मिठाईच्या दुकानात पाणी मागायला गेले. या गावचा अशोका हलवा प्रसिद्ध आहे, मुगाच्या डाळीचा, केशरी, तूप निथळणारा. दुकानदाराने माझ्याकडे नाही, मोपेडकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. "राव सार बरे आहेत ना?" तमिळमध्ये विचारलं. राव सार म्हणजे मामा, इथे 'सर'चं 'सार' होतं. "तीन शनिवार झाले, आले नाहीत."

मी सांगितलं. तो आत वळला. मग पानाच्या तुकड्यावर थोडा हलवा घालून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "सारांचं हेच बाक. आठला यायचे. एक प्लेट हलवा, पण वरचं तूप काढून, साखरेचा त्रास आहे म्हणायचे." तूप काढून... मी ऐकत राहिले. निम्मं ऐकलंच नाही, कारण डोक्यात बारा वर्षांचे रिपोर्ट एकेक करून जुळत होते. मग विचारलं, इथे पुळियारै कुठे मिळते? तो गोंधळला. "इथे कुठली, अम्मा? राव सारच आम्हाला आणून द्यायचे. येताना पिशवी भरलेली असायची, त्यातली मूठभर माझ्या बायकोला चटणीसाठी. त्यांच्याच घरी होते म्हणायचे. न्हाणीमागे, पत्र्याच्या आड."

मी त्या बाकावर बसले ती उठेना. आधी हसू आलं. अख्खी आंबुटी घरात, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली. पहाटे खुडायची, पिशवीत भरायची, तेरा किलोमीटर फिरवून आणायची आणि आम्हाला केळीच्या बागेचं व्याख्यान द्यायचं. आणि मी काय केलं होतं? सावली भंगारात घातली होती. त्या जागेवर चुलाणं पेटवून, तिच्या डोक्यावरच लिंबाचं सार उकळलं होतं. माणसाला इतकं नेमकं चुकता येतं हे मला ठाऊक नव्हतं. पानावरचा हलवा खाऊन टाकला, थोडा बांधून घेतला आणि मोपेड पळवली.

परसात काही उरलं नव्हतं. राख, करपलेल्या तपकिरी काड्या, आचाऱ्यांच्या पायांनी धोपटलेली माती. मी गुडघ्यांवर बसून बोटांनी उकरत गेले. कपडे धुण्याच्या दगडाच्या खाली, चिरेत, चार-पाच देठ सापडले. पानं मिटलेली. आई मागे येऊन उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, हलव्यासकट, आणि वाटलं ही आता भावावर चिडेल. ती म्हणाली, "हलव्याचें मज ठाऊक होतें."

"तुला? कधीपासून?"

"शनिवारीं त्याच्या शर्टाला तुपाचा वास येत असे. म्हणून तर आठवडाभर कापींत साखर घालत नव्हतें. हलव्याला तेवढी जागा नको?" मग जरा थांबून म्हणाली, "पण आंबुटीचें ठाऊक नव्हतें. आणि नाग होता. नसता तर दूध कोण पीत होतें?"

दुसऱ्या दिवशी मी भंगाराचं दुकान शोधून काढलं. पत्रा विकला गेला नव्हता. दुकानदाराने तो त्याच्या कोंबड्यांवर घातला होता. मी परत मागितला तर म्हणाला, "अम्मा, आता तो कामाला लागलाय." मी कपाळाला हात लावला. नवा निळा पत्रा आणून देते म्हटलं, तेव्हा तयार झाला. नवाच पत्रा सरळ दगडाशी का नाही लावला, असं माझ्या सोलापूरच्या जावेने फोनवर विचारलं. लावणार होते, खरं सांगते. पण कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभं राहून मी पहिल्यांदा तो पत्रा नीट पाहिला. भोकं गंजाने पडलेली नव्हती. खिळ्याने पाडलेली होती. रांगेत, मापून, वर दाट आणि खाली विरळ. खुराड्याच्या जमिनीवर त्यातून कवडसे पडले होते, आणि कोंबड्या त्यांवर चोची मारत होत्या. सकाळी दोन तास कवडसे आणि मग दिवसभर सावली... केळीची बाग मामाने पत्र्यात काढली होती. कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या माणसाने खिळा आणि हातोडी घेऊन, कोणालाही न सांगता. बारा वर्षं मी त्याला कचरा म्हणत होते. तिथे कोंबड्यांसमोर मला रडू आलं. दुकानदाराने घाईघाईने पत्रा रिक्षावर चढवून दिला.

घरी आले तेव्हा बारा वाजले होते. परसात आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, भर उन्हात, डोक्यावर नुसता पदर. हातात मामाची काळी छत्री उघडलेली होती. ती स्वतःवर धरलेली नव्हती. हात लांब करून धुण्याच्या दगडावर धरली होती, त्या चार देठांवर. मी गेल्यापासून तशीच बसली असणार. मी ओरडले, "आई, चक्कर येईल, उठ आधी."

"पत्रा आणलास?"

"आणला."

"मग लाव. नंतर रागाव."

पत्रा लावला, तोच कोन, तीच भिंत. त्यानंतर दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं. आई रोज वाकून पानं मोजायची आणि मला आकडा सांगायची. आंबुटी मामा म्हणायचा तशी मानी खरी, पण माफ करणारीही निघाली. मासिकाच्या दिवशी खुडली तेव्हा मूठ पुरी भरली नाही, एका वाटीपुरतं सार होईल एवढीच. मी चोंबूत आधी पाणी घातलं, मग गॅस पेटवला. उकळी आली, विस्तव बंद केला, पानं घातली, झाकण ठेवलं. पाच मिनिटं आम्ही दोघी बोललो नाही. रघू आत येऊन काही विचारायला लागला, आईने त्याला हातानेच गप्प बसवलं.

ती एक वाटी मामाच्या पानावर गेली. बाकी सगळ्यांना लिंबाचं. मामाच्या नावाने जेवायला बसलेल्या गुरुजींनी सार ओरपलं, वाटी उलटी करून शेवटचा थेंब घेतला आणि म्हणाले, "राव जेवले." आईने पानाच्या कोपऱ्यात, मिठाशेजारी, तिरुवैयारुहून मागवलेला चमचाभर हलवा वाढला होता. श्राद्धाच्या पानावर तो बसत नाही, गुरुजींनाही ठाऊक असणार. त्यांनी तोही खाल्ला. आईने त्यावरचं तूप काढलं नव्हतं.

आता दुसरं मासिक जवळ आलं आहे, आणि आंबुटी पत्र्याबाहेर डोकावू लागली आहे. पहिली पिवळी फुलं आली. शनिवारी सकाळी मी मूठभर खुडते आणि चटणी वाटते. एकदा पिशवीत भरून मोपेडवरून तिरुवैयारुलाही गेले, त्या दुकानदाराच्या बायकोसाठी. आठ वाजता पोचले. मला साखरेचा त्रास नाही, त्यामुळे मी तूप काढत नाही. नकाशा परत फळीवर लावला आहे, लाल फुलीसकट. शुक्रवारचं दूध चालूच आहे.

काल दुपारी तोच भंगारवाला गल्लीत आला. मला ओळखून दारात थांबला आणि हसत हसत परसाकडे बोट दाखवून विचारलं, "काय अम्मा, द्यायचा का पुन्हा?" मी पंचांगातली तिथी बघत होते. कथलाचा गोळा बाजूला ठेवलेला होता. डोकं वर न काढता म्हणाले, "असूं दे. त्याचें काम आहे." आतून आईने विचारलं, "कोण बोललें?"